पंखा फिरेना

हेमाने पुढच्या ट्रकच्या मागे हातभर जागा सोडून गाडी थांबवली आणि आधी इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्याच्या जरा वर होता. मागच्या सीटवर सुलाबाईने कण्हणं दाताखाली दाबलं. ते दाबलेलं कण्हणंच हेमाला जास्त ऐकू आलं.

"कामून थांबली बाई?" चतुराबाईने विचारलं.

"पुढं गाड्या थांबल्यात मावशी. सरकतील आता."

सुलाबाईचं डोकं सासूच्या, चतुराबाईच्या, मांडीवर होतं आणि पाय दाराशी दुमडलेले. हेमा ताडकळसच्या शाळेत शिक्षिका, तर सुलाबाई त्याच शाळेच्या व्हरांड्यात भरणाऱ्या अंगणवाडीची सेविका. सुलाबाईला आठवा महिना लागला होता आणि सकाळपासून तिच्या अंगावरून लाल जात होतं. नवरा मुंजाजी पुलाच्या कामावर लांब कुठंतरी. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाल्यापासून एसटीचा भरवसा राहिला नव्हता. एका गावात पेढे वाटले जात होते, तर पलीकडच्या गावात कडब्याच्या गंजी पेटत होत्या. गावातल्या जीपवाल्यांपैकी एकाने डिझेल नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने दारच उघडलं नाही. मग चतुराबाई हेमाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही, काही मागितलंही नाही. नुसती अंगणातल्या गाडीकडे बघत राहिली.

हेमाचे यजमान आप्पाराव बँकेच्या कामाला नांदेडला गेले होते. ते असते तर काय म्हणाले असते, याचा विचार हेमाने केला नाही. केला असता तर किल्ली तिच्या हातात आली नसती.

गाडी जुनी मारुती, परभणीच्या एका डॉक्टरांनी वापरून विकलेली. तिचं दुखणंही जुनंच. रेडिएटरमधलं पाणी तापलं की पुढचा विजेचा पंखा आपोआप सुरू व्हायला हवा. तो कधी व्हायचा, कधी नाही. हेमाने गावातल्या किशनराव फिटरला पुन्हा पुन्हा दाखवलं. तो बॉनेट उघडायचा आणि समोर पंखा गरगर फिरत असायचा.

"गाडीला काईच झालं न्हाई बाई," किशनराव म्हणायचा. "तुमी भिता, म्हणून तुमाला काटा वर दिसतो."

आप्पाराव त्यावर हसायचे. हळूहळू हेमालाही वाटायला लागलं होतं, की भीतीच असेल.

रांग चार हात सरकली आणि पुन्हा थांबली. काटा मात्र थांबला नाही. बाहेर जानेवारीचं कोवळं ऊन होतं, रस्त्याच्या कडेची ज्वारी वाऱ्याने एका अंगाला कलत होती, आणि गाडीच्या पुढच्या भागातून पंख्याचा आवाज येत नव्हता. हेमाने काच खाली करून कान दिला. नुसतं इंजिन. ती काट्याकडे बघायची, आरशात बघायची, पुन्हा काट्याकडे.

पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर रांगेच्या तोंडाशी, फाट्यापर्यंत जाऊन परत आला. हेमाच्या खिडकीशी वाकला आणि मागे कोण आहे ते न बघताच म्हणाला, "पोरं बसलीत. बैलगाडी आडवी लावलीय. एकेकाला उतरवून नाव-गाव विचारायलेत."

"दवाखान्याची गाडी सोडतील ना?"

"नाव बघून सोडायलेत ताई," तो म्हणाला आणि आपल्या ट्रककडे निघून गेला.

चतुराबाईने सगळं ऐकलं होतं. तिने सुनेच्या गळ्याशी हात नेला, निळ्या दोऱ्यातलं लॉकेट वर ओढलं, दोरा दाताने तोडला आणि लॉकेट आपल्या कनवटीला खोचलं. सुलाबाईने डोळे उघडून सासूकडे पाहिलं, मग मिटून घेतले. हेमाने हे आरशातून पाहिलं आणि नजर काढून घेतली.

माघारी फिरावं तर मागे टेम्पो चिकटलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या चाऱ्या. आणि माघारी फिरून जायचं तरी कुठं?

काटा लाल पट्टीला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफेचा वास आला. इंजिन बंद करावं, तर गरम झालेली ही गाडी पुन्हा चालू व्हायला कधी कधी तास घ्यायची. हेमा खाली उतरली. तिने बॉनेट उचललं, आणि पंखा घुर्र करून फिरायला लागला.

ती बघतच राहिली. मग तिने बॉनेट खाली दाबलं. आवाज बंद. उचललं, पंखा सुरू. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. एवढ्या महिन्यांत बॉनेट न उघडता पंख्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, आणि उघडलं की तो फिरणारच होता.

"ओ बाई! गाडी बंद करा."

चौघं-पाचजण आले होते. एकाच्या हातात बैलगाडीची खुंटी, दुसऱ्याच्या हातात उसाचं कांडं. तो ते खात होता. वयाने तिने शिकवलेल्या मुलांपेक्षा फार मोठे नव्हते.

"बंद केली तर चालू होणार नाही," हेमा म्हणाली. "बाळंतपणाची बाई आहे. परभणीला न्यायचंय."

खुंटीवाल्याने काचेतून आत पाहिलं. "कोन हाय ही?"

"माझी जाऊ."

शब्द इतका पटकन आला, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"आन् म्हातारी?"

"सासूबाई."

"आडनाव?"

हेमाने आपलं आडनाव सांगितलं. त्या आडनावाने त्याच्या खांद्यातला ताठा उतरला. तरी त्याची नजर चतुराबाईच्या पायांतल्या झिजलेल्या रबरी चपलांवर, मग हेमाच्या घड्याळावर, मग पुन्हा चपलांवर गेली.

"गाव कोन्तं?"

"ताडकळस."

"ताडकळसचे तर आपले किशनराव हायत," उसवाला म्हणाला आणि कडुलिंबाच्या झाडाकडे तोंड करून ओरडला, "ओ किशनराव! हिकडं या. ह्यान्ला वळखता का बगा!"

झाडाखालच्या घोळक्यातून किशनराव फिटर उठला. धोतराला हात पुसत आला. हेमाला पाहून त्याची पावलं मधेच आखडली. मग तो जवळ आला आणि काचेतून मागच्या सीटवर त्याची नजर गेली. ज्या वाटेने तो रोज गॅरेजला जायचा, त्या वाटेवर चतुराबाईचं घर होतं. चतुराबाईने पदर पुढे ओढला नाही. ती त्याच्याकडे सरळ बघत राहिली.

आता हा एक शब्द बोलेल, हेमाला वाटलं. एकच.

"काय झालं गाडीला?" किशनरावने विचारलं.

"पंखा," ती कशीबशी म्हणाली. "बॉनेट लावलं की बंद पडतो, उघडलं की फिरतो. तुम्ही दर वेळी उघडूनच बघत होता."

किशनरावने बॉनेट दाबलं, कान लावला. उचललं. पुन्हा दाबलं. मग रेडिएटरवरच्या पट्टीवरून बोट फिरवत गेला आणि एका जागी थांबला. पंख्याची वायर आपल्या खाचेतून निसटून पट्टीच्या वर आली होती. बॉनेट लागलं की तिच्यावरच बसायचं. वरून वायर धड दिसत होती. आतली तार तुटली होती. दाबली की तुटली टोकं लांब व्हायची, सोडली की एकमेकांना टेकायची.

"बाजूला व्हा," तो म्हणाला.

"किशनराव, वळखता का म्हणलं?" खुंटीवाला जवळ सरकला.

किशनरावने वायर दातात धरली होती. वरचं प्लॅस्टिक सोलायला लागला. ते सोलायला लागतो त्याहून जास्त वेळ त्याने घेतला. मग त्याने ते थुंकून टाकलं, तारांना पीळ दिला, दुसऱ्या वायरीवरची चिकटपट्टी सोडवून इथं गुंडाळली आणि वायर खाचेत खोल सरकवली.

"बाईची गाडी मीच बगतो," मान वर न करता तो म्हणाला. "आप्पाराव सायबाची हाय."

"आन् त्या दोघी?"

पंखा फिरत होता. हेमाला त्या आवाजाखेरीज काहीच ऐकू येईना.

"इंजन जाम व्हायलंय," किशनराव म्हणाला. "हितंच बसलं तर ट्रॅक्टर आणावा लागंल. तवर ही सगळी लाईन तुमच्या उरावर. जाऊ द्या तिला."

खुंटीवाल्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्यामागे आणखी कुणीतरी. त्याने उसवाल्याला खूण केली. बैलगाडी एका बाजूने ढकलली गेली आणि पुढचा ट्रक हलला.

किशनरावने बॉनेट दोन्ही हातांनी अलगद टेकवलं. "जोरात आपटू नका," एवढंच तो बोलला. हेमाकडे त्याने पाहिलं नाही. झाडाखाली जाऊन बसला तेव्हाही त्याची पाठ रस्त्याकडे होती.

फाटा मागे पडला. काटा हळूहळू खाली आला आणि अर्ध्यावर टिकला. तरी समोरून कुणी सायकलवर आलं की हेमाचा पाय ब्रेककडे जायचा. मागून एकदाच सुलाबाईने विचारलं, "किती राह्यलं?" आणि चतुराबाई म्हणाली, "आलंच माय."

परभणीला दवाखान्याच्या दारात वॉर्डबॉयने स्ट्रेचर आणलं. डॉक्टरीणबाईंनी सुलाबाईच्या पोटावर नळी ठेवून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"ठोके लागतायत. आत घ्या लवकर," त्या म्हणाल्या. "केसपेपर काढा कुणीतरी."

खिडकीशी गर्दी होती. चतुराबाईला पुढे करून हेमा तिच्यामागे उभी राहिली. म्हातारीच्या पदराला सुनेचं रक्त लागलं होतं. आतल्या माणसाने कागद पुढ्यात ओढला.

"पेशंटचं पूर्ण नाव?"

चतुराबाईने हेमाचं कोपर धरून तिला जवळ ओढलं.

"बाई," ती कानाशी म्हणाली, "हितं कोन्तं सांगू? आमचं का तुमचं?"

"बोला लवकर. मागं लाईन हाय."

हेमाने मागे वळून रांगेतल्या माणसांकडे पाहिलं.