उंबऱ्याचा पांढरा दगड

अलायच्या डोंगराखालच्या त्या गावात तेव्हा उंबऱ्यावर पाय देणं म्हणजे घराच्या छातीवर पाय देणं. त्यातून पाय नव्या सुनेचा असेल तर बोलायलाच नको.

नुरजमाल लग्न होऊन आली त्या घराचा उंबरा पांढऱ्या चुनखडीचा, मागं वारलेल्या सासऱ्यांनी स्वतः घडवलेला. तिच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्या एका टोकाला खळगे पडले. बोट फिरवलं की पीठ निघायचं.

शेजारीण शाकेन सासूला म्हणाली, "बात्मा, तुझी सून उंबऱ्यावर उभी राहते वाटतं. इतकी वर्षं धड होता, आणि ही आली नि दगड कुजला."

"अपा, मी पाय नाही हो दिला," नुरजमाल सासूला म्हणायची.

"मी कुठं म्हटलं?" म्हणून सासू तोंड फिरवायची. नवरा मेंढ्या घेऊन वर कुरणात, माहेर दोन घाटांपलीकडं. त्या अबोल्यानं पोर सुकून गेली.

कुरुतसाठी, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्यांसाठी, ती दह्याची पिशवी निथळायला दारावरच्या तुळईला टांगायची. कुत्र्यांचं तोंड तिथं पोचत नसे, माहेरी सगळ्याजणी तसंच करत. एका दुपारी ती दाराशी लोकर विंचरत बसली होती. पिशवीतलं आंबट पाणी उंबऱ्यावर ठिबकलं आणि दगडावर बारीक बुडबुडे उठले. ती बघतच राहिली. पुढचा थेंबही तसाच फसफसला.

"अपा, जरा इकडं येता?"

"आता काय फुटलं?"

सासू वाकली. थेंब पडला. तिनं बोटानं पुसला, बोटाला पांढरं लागलं.

"तुझ्या माहेरी उंबरा कसला गं?"

"करड्या दगडाचा. कोयता घासला तरी ओरखडा नाही."

"त्याला काय होणार? हा चुन्याचा, पोरी, आंबटानं विरघळतो. पावसानं डोंगरात गुहा पाडल्या त्या अशाच. त्याला पिढ्या लागल्या, तू दोन उन्हाळ्यांत उरकलंस. मी उगाच का पिशवी मागच्या जर्दाळूच्या झाडाला टांगायचे?"

नुरजमालला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ती पिशवी सोडायला उठली, तर सासूनं हात धरला.

"राहू दे. आधी त्या भवानीला बघू दे." आणि कुंपणावरून हाक घातली, "शाकेन, ये गं. उंबरा कोण खातं ते दाखवते."

शाकेन येऊन वाकली, तर नेमका थेंबच पडेना.

"थांब जरा," म्हणत सासूनं पिशवी हलकेच पिळली.