बजरंगरावांचा आवाज

मार्केट यार्डात जन्मभर कांद्याचे लिलाव पुकारलेल्या बजरंगरावांचा आवाज एका कॉम्प्युटरात होता, आणि तो कॉम्प्युटर आला माझ्या दुकानात, दुरुस्तीला. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी त्यांनी त्यात आवाज भरून ठेवला होता. नंतर ते टाइप करायचे आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलायचा. त्यांच्या पत्नी गोदाबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे पाटीवर लिहून भागणारं नव्हतं.

मुलगा विश्वजीत खराडीला आयटीत. नोकरी झोकात, अक्कल गहाण. सुट्टीत वडिलांच्याच कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. त्यात लबाडी केली म्हणून गेमवाल्यांनी कॉम्प्युटरवरच बंदी घातली. प्रत्येक कॉम्प्युटरच्या बोर्डात त्याचा स्वतःचा नंबर असतो, त्यावरून ते ओळखतात. मग या पठ्ठ्याने तो नंबर बदलणारं फुकटातलं सॉफ्टवेअर आणून टाकलं. जुना नंबर जपून ठेवायचं काही सुचलं नाही.

आवाजाचं सॉफ्टवेअरही त्याच नंबरला बांधलेलं. ते म्हणालं, हा तो कॉम्प्युटर नव्हे. घाबरून याने विंडोज नव्याने टाकलं, त्यात जुन्या नंबरच्या नोंदीही गेल्या; आवाजाची फाइल तेवढी वाचली, पण सॉफ्टवेअर परत टाकलं तरी ते तेच म्हणालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी त्याला तिथे आलेल्या आईवडिलांदेखत तोंडावर सांगितलं.

नंबर बदलणारं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं, पण नवा नंबर बोर्डातच जाऊन बसला होता. आवाजवाली कंपनी केव्हाच बंद पडलेली, फोन उचलायला कुणी नाही. कॉम्प्युटर जुन्या बाजारातला, पावतीचा पत्ता नाही. मूळ नंबर कळला तर परत लिहिता येईल, असं मी म्हणाले मात्र, बजरंगरावांचा चेहरा उजळला. हा नंबर बहुधा कॉम्प्युटरच्या डब्यामागच्या स्टिकरवर असतो. मी डबा फिरवला. मागे लख्ख पत्रा आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक.

गोदाबाई हळूच बोलू लागल्या. इतकी वर्षं खंडेनवमीला घरात तराजू पुजायचे. यंदा यांचं बोलणं या डब्यात, म्हणून डबा पाटावर मांडला. मागे मळकट, चिकट कागद दिसला, देवासमोर बरा दिसेना, म्हणून रॉकेल लावून खरवडून काढला.

मी फटकळ बाई, गिऱ्हाइकाला सोडत नाही. पण या बाईला काय बोलणार? एवढंच म्हणाले, "आता होणार नाही. माझ्याकडेच नाही, कुठेच होणार नाही." विश्वजीत रडायला लागला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

घरात काही सांडलं-लवंडलं तरी बजरंगराव सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे म्हणे. ऑपरेशननंतरही टाइप करून ओरडायचे. आज ते नुसते बसून होते आणि गोदाबाईंना तेच सहन होईना.

"अहो," त्या म्हणाल्या, "शिव्या तरी घाला मला."

बजरंगरावांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन बोटांनी खटाखट टाइप करू लागले. पडद्यावर तीच सूचना होती, हा तो कॉम्प्युटर नव्हे. एक अक्षर उमटत नव्हतं. गोदाबाई मान खाली घालून ऐकत उभ्या राहिल्या.