तिसऱ्या प्लगमधली बाधा

सोमवारी सकाळी फाटकापाशी पंचवीस-तीस माणसं जमली होती आणि सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या मोटारीवर खिळले होते. इंजिन सुरू होतं, पण गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरत होती. मध्येच गचका, मध्येच फट्ट आवाज. भूतबाधा उतरवायला बोलावलेल्या महाराजांनी बॉनेटवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि फर्मावलं, "इंजिन बंद करायचं नाही. बाधा दमादमानेच उतरते." अर्ध्या तासात थरथर थांबली. लोकांनी हात जोडले.

मागच्या खोलीच्या अंगणाकडे उघडणाऱ्या खिडकीतून घरची सून हे बघत होती. खिडकीला गज होते आणि दाराला बाहेरून कडी.

ती शाळेत शास्त्र शिकवायची. सोमवारी तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा असे, म्हणून सासरे तिला गाडीने सोडत. दोन महिने झाले, ती बसली की गाडी गचके देई. बुधवारी सासूबाई बाजाराला निघाल्या की मात्र तीच गाडी शहाण्यासारखी चाले. सासूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. महाराजांनी गाडी न बघताच निदान केलं, "सुनेवर सावली आहे. चाळीस दिवस कोंडून ठेवा." वर इंजिनावर शिंपडायला मंतरलेल्या पाण्याचा कॅन दिला. परगावी नोकरीला असलेला नवरा फोनवर म्हणाला, "चाळीस दिवसांचाच तर प्रश्न आहे. आईचं मन मोडू नकोस."

गर्दी पांगल्यावर ती दाराआडून म्हणाली, "आई, मी आज गाडीला हातही लावला नाही. तरी गचके बसलेच ना?"

उत्तर महाराजांनीच दिलं. "कोंडली म्हणून सावली चवताळली."

म्हणजे बसली तरी दोष तिचा आणि न बसली तरी तिचाच. दार एक वेळ फोडता आलं असतं, पण या उत्तराला कुठून धक्का मारायचा तेच कळेना. त्यात दुपारी शाळेची चिठ्ठी आली. पुढच्या सोमवारी हजर झाली नाही, तर तिच्या जागी दुसरी शिक्षिका घेणार होते. सासूबाईंनी चिठ्ठी दाराखालून सरकवली. "तब्येत बरी नाही म्हणून कळव," त्या म्हणाल्या.

आठवडाभर ती एकाच प्रश्नाला चिकटून राहिली. सोमवारीच का?

सोमवार उजाडला. सासरे पाइप घेऊन अंगणात आले. आठवड्याची सुरुवात स्वच्छ गाडीने करायची हा त्यांचा दोन महिन्यांपासूनचा नेम. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पाण्याची धार थेट इंजिनावर सोडली. खिडकीतून बघणाऱ्या सुनेला सोमवारचं उत्तर मिळालं. मग वरून मंतरलेलं पाणी शिंपडलं. गाडी आज सुरू झाली की लगेच बंद पडू लागली. त्यांनी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं, तेही दुरुस्तीला नव्हे, तर गाडी महाराजांच्या दारापर्यंत ओढून न्यायला.

"मिस्त्री, आधी प्लग काढून बघा," ती खिडकीतून म्हणाली. "प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं असेल."

मिस्त्रीने खिडकीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. त्याने पाना काढला. दोन प्लग ठीक निघाले. तिसऱ्याच्या खड्ड्यात पाणी डबडबलं होतं. प्लग गंजून तांबडा झाला होता आणि त्यावर पांढरी खपली धरली होती.

"काका, इंजिनाला आंघोळ कोण घालतं?"

"मीच. दर सोमवारी," सासरे कौतुकाने म्हणाले.

"मग दर सोमवारी गाडी मिसिंग मारणारच. ठिणगी आत पडायला हवी. इथे पाणी असलं की वीज बाहेरच्या बाहेर पळते. एक सिलिंडर पेटत नाही आणि गचके बसतात. इंजिन अर्धा तास तापलं की पाणी सुकतं."

"आणि महाराजांचा तळवा?" सासऱ्यांनी विचारलं.

"बॉनेटवर तुमची टोपी ठेवली असती तरी तेच झालं असतं." मिस्त्रीने खपली नखाने खरवडली. "पण नुसत्या नळाच्या पाण्याने इतक्या लवकर एवढा गंज चढत नाही."

"आई, कॅनमधलं वाटीभर पाणी आटवून बघा," सून अंगणात आलेल्या सासूबाईंना म्हणाली.

सासूबाई तावातावाने स्वयंपाकघरात गेल्या. महाराजांचा शब्द खरा करून दाखवायचाच होता. पाणी आटलं, तळाशी पांढरा थर उरला. त्यांनी बोट लावून चाखलं आणि तिथूनच महाराजांना फोन लावला.

"महाराज, पाण्यात मीठ कशाला?"

"हे तुम्ही विचारत नाही, सावली विचारतेय," पलीकडून आवाज आला. "तुम्हालाही धरलं तिने. आता तुम्हीही सुनेबरोबर त्या खोलीत बसा."

सासूबाईंनी फोन बंद केला. मग त्या मागे गेल्या आणि त्यांनी कडी काढली.

"झालं गेलं विसर," सासरे पुटपुटले.

"नाही विसरणार, बाबा. एकवीस दिवस होते ते."

मिस्त्रीने खड्डे कोरडे करून चारही प्लग नवे बसवले. सून गाडीत बसली, सासऱ्यांनी चावी फिरवली, इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं आणि एकही गचका न देता गाडी फाटकाशी आली. तिथे शेजारी जमले होतेच.

"उतरली म्हणायची बाधा," कोणीतरी म्हणालं.

तिने काच खाली केली. "बाधा नव्हती. पाणी होतं, मीठ होतं. यंत्र बिघडलं तर ते उघडून बघा, जाणकाराला विचारा. आणि उद्या कोणी कुणाच्या सुनेला, मुलीला कोंडायला सांगितलं, तर आधी त्याच्याकडे पुरावा मागा. मी आत असताना तुमच्यापैकी एकानेही मागितला नाही."

फाटकातली माणसं बाजूला झाली. तिचा पहिला तास बुडाला, पण दुसऱ्या तासाला ती वर्गावर हजर होती.