जुळ्यातली पाडी

मित्रांनो, मी एक म्हातारी गाय आहे आणि मी चिडलेली आहे. गाय चिडते हे तुम्हाला कोणी शिकवलं नसेल. तुमच्या वहीत गाय गरीब असते, ती दूध देते, तिच्या शेणाच्या गोवऱ्या होतात. मी आयुष्यात एक थेंबही दूध दिलेलं नाही. त्यामुळे माझ्यावर निबंध कोणी लिहिणार नाही. माझं मलाच सांगावं लागणार.

कडाव गावाच्या अलीकडे भाताची खाचरं संपतात आणि चढ लागतो, तिथे सोनाबाईचा गोठा आहे. त्या गोठ्यात मी जन्मले. एकटी नाही. आधी माझा भाऊ आला, त्याच्या मागोमाग मी. सोनाबाईने पेंढ्याच्या बोळ्याने आम्हा दोघांची अंगं पुसली. माझ्या कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग होता, म्हणून तिने माझं नाव चंद्री ठेवलं. "जुळी झाली गं बाय," असं ती आल्यागेल्याला सांगत होती. तेव्हा आमचं कौतुक होतं.

भावाने दूध सोडलं न सोडलं तोच सोनाबाईच्या मुलाने, हिरामणने, त्याला विकायला काढलं.

"पाडा ठेवून काय करू? नांगराला टॅक्टर मिळतो भाड्यानं. पाडी ठेवू. उद्या गाय होईल, दूध देईल."

टेंपो आला. भाऊ चढेना, म्हणून त्याची शेपटी पिरगळली. तो ओरडला, मी ओरडले. पुढे तो कुठे गेला ते मला कधीच कळलं नाही. दोघांतल्या कोणाला ठेवायचं हे आम्ही ठरवलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा. बोल मात्र सगळे मी ऐकले.

मी हाडापेराने चांगली वाढले. मान जाड झाली, खांदे रुंद झाले. माझ्या बरोबरीच्या कालवडी माजावर आल्या, गाभण राहिल्या, व्यायल्या. मी तशीच. हिरामणने मला मोड आलेले हरभरे चारले. सोनाबाईने मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी मात्र भलतंच वागायची. दुसऱ्याचा बैल दिसला की खुराने माती उकरायची, मान खाली घालून डुरकायची. बांधावरची माणसं हसायची.

"सोनाबाय, ही गाय हाय का रेडा वं?"

हळूहळू चंद्री हे नाव गेलं आणि वांझोटी हे नाव आलं. "वांझोटीला पाणी दाखव." "वांझोटीला सोड." बैलही दूध देत नाही, वासरू देत नाही, त्याला वांझोटा म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही. वसुबारसेला सोनाबाई ताट घेऊन गोठ्यात यायची. माझ्या शेजारणीला आणि तिच्या वासराला कुंकू लावायची, गोडाचा घास भरवायची. पूजेला वासरू लागतं. ते माझ्यापाशी नव्हतं, म्हणून दिवा माझ्यासमोरून तसाच पुढे जायचा. दरवर्षी.

शेवटी हिरामणने गुरांच्या डॉक्टर आणल्या. फराह डॉक्टर. ‘वांझोटीला तपासणार’ म्हणून अर्धी आळी गोठ्यात शिरली. डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं :

"सगळे बाहेर व्हा. बघ्यांचं काम नाही इथं."

"डॉक्टरबाय, जनावर हाय ते," कोणीतरी हसून म्हणालं.

"म्हणूनच. तिला सांगता येत नाही ना, की तुम्ही बाहेर व्हा."

लोक गेले. आत राहिली सोनाबाई, हिरामण, आणि त्याची पाचवीतली मुलगी अक्षदा. ती लहान असतानाच तिची आई वारलेली. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी अंग सैल सोडीपर्यंत तो तसाच ठेवला. मग तपासलं. मग विचारलं, "ही जुळ्यातली का? आणि बरोबरचा पाडा होता?"

"तुमाला कसा कळला?" सोनाबाई चकित झाली.

डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हीही नीट ऐका, मित्रांनो. अंगात ठिकठिकाणी ग्रंथी असतात. त्या रक्तातून सांगावे धाडतात. त्या सांगाव्यांना हार्मोन म्हणतात. तुमच्या पुस्तकात संप्रेरक असा शब्द आहे. वासरू पोटात असताना हेच सांगावे त्याचं अंग घडवतात : इथे गर्भपिशवी वाढू दे, इथे नको. गायीच्या पोटात जुळ्यांच्या रक्ताच्या वाटा बहुतेक वेळा एकमेकींना मिळतात. माझ्या भावाच्या अंगात नर घडवणारे सांगावे निघाले आणि त्या वाटेने माझ्याही रक्तात आले. माझी गर्भपिशवी वाढायची तिथेच थांबली. तेच सांगावे डोक्यातही पोचले. मेंदूसुद्धा पोटातच घडत असतो.

"म्हणून ही माती उकरते आणि डुरकते," डॉक्टर म्हणाल्या. "भावाबरोबर जन्मलेल्या बहुतेक पाड्या अशाच असतात. ही कधी गाभण राहणार नाही. तिचा यात काही दोष नाही. तुमचाही नाही."

"माझी आत्यापन जुळ्यातली हाय, चुलत्याबरोबरची," सोनाबाई घाबरून म्हणाली. "पन तिला तर पाच पोरं!"

डॉक्टर खळखळून हसल्या. "आजी, माणसाच्या बहीणभावांच्या वाटा अशा मिळत नाहीत. आत्याला सुखानं राहू द्या."

अक्षदाही हसली. हिरामण हसला नाही. तो म्हणाला, "म्हंजे पाडा विकला आनि ही ठेवली. उलटाच झाला."

दोष नाही हे त्याने ऐकलं, पण नाव काही बदललं नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या जुन्या बैलजोडीतला एक बैल साप चावून मेला. चढावरच्या लहान खाचरांत ट्रॅक्टर उतरत नाही. चिखलणी तोंडावर आलेली. हिरामणने माझ्या मानेवर जू ठेवलं. गायीला जू लावणं पाप, असं गाव म्हणालं, पण बांधावर उभं राहून बघतही राहिलं. मी गुडघाभर चिखलात बैलाच्या बरोबरीने ओढलं. "बैलाला मागं टाकला रं हिनं!" माझी पाठ थोपटली गेली. आवणाची रोपं लागली, भात पिकलं, मळणीलाही मीच खळ्यात फिरले. संध्याकाळी मात्र बैलापुढे पेंड आणि माझ्यापुढे कोरडा पेंढा. कामाच्या वेळी मी बैल होते, खाण्याच्या वेळी वांझोटी.

एकटी अक्षदा मला चंद्री म्हणायची. शाळेतून आली की माझ्या गळ्याखाली खाजवत सगळं सांगायची.

ती वयात आली तेव्हाचं सांगते. वयात येताना मुलांच्या अंगातले ते सांगावे पुन्हा जोराने निघतात. कोणाचा आवाज फुटतो, कोणाला मुरमं येतात, कोणाची पाळी सुरू होते, कोणाला मिसरूड फुटतं. कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा. अक्षदाची पाळी आली आणि पुन्हा महिनोन्‌महिने आलीच नाही. आवाज जाडसर झाला. ओठावर, हनुवटीवर केस आले. शाळेत तिला नाव पडलं, दाढीवाली. तुमच्यासारख्या मुलांनीच ते पाडलं, मित्रांनो. मी हे गोड करून सांगणार नाही.

एकदा फराह डॉक्टर लसी टोचायला आल्या, तेव्हा तिने त्यांना गोठ्यात गाठलं.

"मॅडम, मी पन चंद्रीसारखी हाय का?"

"अगं, मी गुरांची डॉक्टर. माणसांच्या डॉक्टरांकडे जा. आणि घाबरू नकोस," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. सोनाबाई तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे कळलं की तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी एक सांगावा जरा जास्त धाडतात. हा सांगावा पुरुषांत पुष्कळ असतो, पण प्रत्येक बाईच्या अंगातही थोडा असतोच. अक्षदाच्यात थोडा अधिक. ती मुलगीच होती आणि आहे. रोज एक गोळी घ्यायची, बाकी खेळायचं, बागडायचं. ती गोळीसुद्धा ती गोठ्यात येऊन गिळायची, कोणी बघू नये म्हणून. औषध चोरून का घ्यावं लागतं? ताप आला तर तुम्ही असं लपून गोळी घेता का?

आमच्या भागात कबड्डी म्हणजे काय ते मी सांगायला नको. अक्षदा चढाई करायला लागली. आता ती एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते, आणि तिच्यामुळे आमच्या गावाचा महिला संघ गेल्या माघात पहिल्यांदाच अंतिम सामन्याला पोचला. भात निघाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात, आमच्या गोठ्याच्या मागेच, मैदान आखलेलं. मी दावणीवरून सगळा आरडाओरडा ऐकत होते. याच सामन्यात जिल्ह्याच्या संघासाठी मुली हेरायला माणसं येणार होती. अक्षदा महिनाभर तेवढंच बोलत होती.

दुपारी अंतिम सामन्याआधी गोठ्याच्या दारात माणसं आली. पुढे येसाजी, स्पर्धेच्या पंचकमिटीतला, समोरच्या संघाच्या गावचा. भरघोस मिशांचा माणूस. मागे दोन बायका, खाली माना घातलेल्या. हिरामण होता, सोनाबाई होती. मधे अक्षदा, गुडघ्यांना माती लागलेली.

"तक्रार आलीय," येसाजी म्हणाला. "म्हणतात, हा मुलगा हाय. या दोघी गोठ्यात नेऊन बघतील. पाच मिनिटांचा काम."

"तिच्याजवळ इस्पितळाचे कागद हायेत," सोनाबाई म्हणाली.

"कागद काय, कोनी पन बनवतो."

हिरामणने रुमालाने मान पुसली. मुलीकडे न बघता म्हणाला, "जा गं. बघू दे एकदाचा. तोंडं तरी बंद होतील."

आणि सोनाबाईसुद्धा म्हणाली, "जा बाय. आपुन खऱ्या, तर भ्यायचा कशाला?"

मी उठून उभी राहिले. ज्या हातांनी मला पेंढ्याने पुसलं होतं, तेच हात नातीला आत ढकलत होते.

अक्षदा हलली नाही. आपल्या त्या जाडसर आवाजात तिने आजीला विचारलं.

"आजे, चंद्रीला तपासायच्या आधी डॉक्टरबायनी काय केलेलं?"

"आता ते काय मधीच?"

"सांग ना. सगळ्यांना बाहेर काढलेलं. पाठीवर हात ठेवलेला. गुराला एवढं मिळालं. मला तेवढं पन नाय? मी बाई हाय. पन ते दाखवायला मी कुनाला बांधलेली नाय. मी आत जानार नाय."

"मग खेळायचा नाय," येसाजी म्हणाला.

"नाय तर नाय."

त्या दोन बायकांतली एक तरीही पुढे सरकली. तेव्हा मी डुरकले. सगळ्या छातीने डुरकले, खुराने माती उकरली, दावं ताणलं. ती बाई मागे पडता पडता वाचली. माझ्या भावाने पोटात असताना माझ्या रक्तात जे ठेवलं होतं, ते त्या दिवशी मी सगळं वापरलं.

सोनाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग ती गोठ्याच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली.

"येसाजी, इकडं ये. जरा खाली वाक."

"कशाला?"

"तुझ्या मिशा खऱ्या का चिकटवलेल्या, ओढून बघते. पाच मिनिटांचा काम. गाव बघंल."

पोरं फिदीफिदी हसली. येसाजी लाल झाला आणि निघून गेला. पण गेला तो आमचा अख्खा संघ बाद ठरवूनच. सामना झालाच नाही. करंडक समोरच्या संघाला मिळाला. जिल्ह्याची माणसं चहा पिऊन परत गेली, त्यांनी अक्षदाची एकही चढाई पाहिली नाही. संध्याकाळी तिच्याच संघातल्या दोघी गोठ्यापाशी येऊन म्हणाल्या, "एवढा काय गं, गेली असतीस आत, तर कप आपला होता." त्या गेल्यावर अक्षदा माझ्या मानेला कपाळ लावून रडली. माझी मान त्या कामाची आहे.

हिरामण बरेच दिवस मुलीच्या नजरेला नजर देत नव्हता. अजून नीट देत नाही. देऊ नये. लाज ज्याची त्याने बाळगावी.

मग दिवाळी आली. वसुबारसेला सोनाबाई ताट घेऊन आली. शेजारणीला आणि वासराला ओवाळलं आणि दिवा पुढे न नेता माझ्यासमोर थांबली. "चंद्रे," म्हणाली. किती वर्षांनी! कुंकवाचं बोट उचललं. मी मान फिरवली.

तिला वाईट वाटलं असेल. पण मित्रांनो, मला पूजा नको होती. वासरू असलं तर कुंकू, नसलं तर शिवी, आणि आता नात रडली म्हणून पुन्हा कुंकू, हा हिशोबच मला नको आहे. तिने ताट खाली ठेवलं, दोन्ही हात रिकामे केले आणि एक हात माझ्या पाठीवर ठेवला. मी अंग सैल सोडीपर्यंत ठेवला. तेवढं मी ठेवू दिलं.

अक्षदा रोज पहाटे खळ्यात चढाईचा सराव करते. जिल्ह्याची निवड पुन्हा होईल तेव्हा होईल. गोळी ती आता ओटीवर बसून, सगळ्यांच्या समोर, पाण्याच्या घोटाबरोबर घेते.

मी म्हातारी झाले. दात झिजले, राग झिजला नाही. तुमच्या वर्गात कोणाचा आवाज वेगळा असेल, कोणाला मिसरूड लवकर आलं असेल, कोणाला आलंच नसेल. ते घडवणारे सांगावे त्यांनी स्वतः मागवलेले नसतात आणि तुमचे तुम्हीही मागवलेले नाहीत. त्यांना नावं पाडू नका. त्यांना घरच्यांनी एक नाव दिलेलं आहे, त्या नावाने हाक मारा. आणि कोणी ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून त्यांना आत न्यायला आलं, तर दारात उभे राहा. डुरकता आलं नाही तरी चालेल. हलू नका, एवढंच.