उशाकडचा खांब

सुतारणीची कंबर गेली ती पलंगापायी. पलंग बुटका, नवरा धिप्पाड, आणि डावं अंग लुळं पडल्यापासून त्याला कुशीवर वळवायचं म्हणजे ओल्या वाळूचं पोतं उलटवायचं. दिवसातून किती वेळा, हे मोजणं तिनं केव्हाच सोडलं होतं. मोजून का ओझं हलकं होतं?

लेकानं शेवटी दवाखान्यात असतो तसला लोखंडी पलंग ठरवला, कळ फिरवली की वर येणारा.

"आई, तुला वाकायला नको. बाबांनी ऐकलं तर ठीक. नाहीतर त्यांना संस्थेत ठेवावं लागेल. तुझ्याच्यानं होत नाही आता."

संस्था म्हटल्यावर तिनं लेकाकडे असं पाहिलं की तो चहाच्या कपात बघायला लागला. पण बोलला ते खोटं नव्हतं. आदल्याच आठवड्यात नवऱ्याला उचलताना तिच्या कमरेत अशी कळ आली, की ती त्याच्याच अंगावर आडवी पडली आणि दोघंही तसेच पडून राहिले, सून भाजी घेऊन येईपर्यंत.

म्हातारा मात्र ऐकेना. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द अर्धेमुर्धे बाहेर पडायचे, पण "नको" हा एक शब्द लख्ख यायचा. लोखंडी नको. हाच पलंग हवा.

कारण होती एक अळी.

पलंगाच्या उशाकडच्या उजव्या खांबात ती राहत होती. कान टेकला की आतून आवाज यायचा, कर्र, कर्र, मग गप्प, मग पुन्हा कर्र. म्हाताऱ्याचा उजवा कान दिवसभर त्या खांबाला.

"बायको घसा फोडून बोलते ते जन्मभर ऐकू आलं नाही," सुतारीण सुनेला म्हणाली, "आणि किडा चघळतो ते बरं ऐकू येतं."

एरवी म्हातारा या किड्याचा हाडवैरी होता. गिऱ्हाइकाच्या कपाटाला लांबट भोक दिसलं, पिठासारखा भुसा गळाला, की पिचकारीनं रॉकेल मारून मेणानं भोक बंद. पण आता पडल्या पडल्या त्याला दुसरं काही करायला उरलं नव्हतं. अळी कुठे पोचली, आज किती कुरतडलं, कालच्यापेक्षा वर का खाली, एवढंच त्याचं राज्य.

सुतारणीला त्यानं ते तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं. तपकिरी भुंगेरा असतो. शिंगं अंगापेक्षा लांब, मागे वळलेली. मादी वाळलेल्या लाकडातली फट शोधते, पॉलिश नसलेली, त्यात अंडी घालते आणि जाते. अळी आत शिरते. सालीजवळचं पांढरट लाकूड खाते, गाभ्याला तोंड लावत नाही. पुढे खात जाते, मागे भुसा ठासत जाते. वरची कातडी कागदाएवढी शाबूत ठेवते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही.

"आणि आपल्याच पलंगाला पांढरं लाकूड कसं हो लागलं?" तिनं विचारलं होतं. "लोकांच्या घरी निव्वळ गाभा."

"उरलेलं... होतं."

"आणि पॉलिश?"

"आतून... कोण बघतंय."

"किड्यानं बघितलं ना."

म्हातारा अर्ध्या तोंडानं हसला होता. आजारपणात तो हसला ते तेवढंच. म्हणून तिनं विषय बदलला.

"बाहेर कधी येणार ही?"

"वर्षं... लागतात. वाळकं लाकूड. पोट भरत नाही. म्हणून... वेळ."

"आणि आल्यावर?"

"काही खात नाही. थोडे दिवस. मग... संपलं."

सुतारीण उशीचा अभ्रा बदलत होती. "एवढं जन्मभर चावायचं ते त्यासाठी?" ती म्हणाली, आणि मळका अभ्रा घेऊन मोरीकडे गेली. तिला पुढचं ऐकायचा कंटाळा आला होता. तिला सगळ्याचाच कंटाळा आला होता.

लोखंडी पलंग यायच्या दिवशी सकाळी ती त्याच्या उशाशी बसली.

"खांब कापून देते तुमच्या उशाशी. अळीसकट. मग याल त्या पलंगावर?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. "तू? करवत?"

आपल्या करवतीला त्यानं तिला कधी हात लावू दिला नव्हता. बायकांच्या हाती करवतीचे दात बिघडतात म्हणे. पाटाचा कोपरा कापायचा झाला तरी ती त्याची वाट बघत बसायची.

"मीच. पोराला जमायचं नाही, त्याला पेन्सिलीला टोक करता येत नाही. बोला, येता का?"

मान हलली. मग त्यानं कान खांबाला लावला, चांगल्या हाताचं बोट लाकडावरून सरकवलं आणि नखानं रेघ मारली. "इथं काप. वरचा... ठेव."

लेकानं आणि दुकानाच्या माणसानं मिळून त्याला नव्या पलंगावर घेतलं. खोलीत दोन पलंग मावत नव्हते, म्हणून जुना सुटा करून बाहेरच्या खोलीत नेला. संध्याकाळी भंगारवाला तो नेणार होता. सुतारीण खांबावर गुडघा रोवून बसली.

"दाबू नको," आतून आवाज आला. "आपल्या वजनानं... जाऊ दे."

"माझं वजन उरलंय कुठे," ती म्हणाली, आणि दाबायचं सोडलं. करवत चालली. कमरेतून कळा निघत होत्या. अर्ध्यावर लाकडातून पांढरं पीठ सांडलं. अळीचा बोगदा मधोमध कापला गेला होता. तिनं दातावर दात ठेवले आणि उरलेलं कापलं.

वरचा तुकडा त्याच्या उशाशी ठेवला. त्यानं कान लावला.

आवाज नाही.

"घाबरली असेल," ती म्हणाली.

दुपार गेली. आवाज नाही. म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. पेज भरवायला गेली तर ओठ मिटलेले. लोखंडी पलंग एवढा वर आला होता की तिला वाकावं लागत नव्हतं, आणि त्याचा आनंद करायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

"जुना... आण," तो म्हणाला.

ती बाहेर येऊन भुसा झाडायला बसली. झाडता झाडता हात थांबला. कर्र. तिनं खांबाचा उरलेला बुंधा कानाशी धरला. कर्र, कर्र.

अळी खालच्या तुकड्यात होती. ज्या माणसानं लाकडात कधी सूतभर चूक केली नव्हती, त्याची रेघ चुकली होती.

तोंडावर आलं होतं तिच्या. जन्मभराची उट्टी निघाली असती एका वाक्यात. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि भिंतीकडे वळलेलं ते तोंड बघून परत फिरली. करवत घेतली.

"आता... काय कापतेस?"

"उरलेल्या खांबाचं बूड वाकडं झालंय. सरळ करते. तुम्ही पडा."

बुंध्याचं खालचं टोक तिनं वरच्या तुकड्याएवढी लांबी ठेवून कापून टाकलं, रेघेशिवाय, कुणी न सांगता. उरलेला तुकडा पदरानं पुसला, आत नेला, आणि उशाशी ठेवताना आधीचा तुकडा हळूच काखेत घेतला.

म्हाताऱ्यानं कान टेकला. आतून आवाज आला. त्याच्या खांद्यांतला ताण सैल झाला. मग सवयीनं त्याचा हात लाकडावरून फिरायला लागला, वरून खाली, कडेनं, आणि मध्ये थांबला. तिथं चौकोनी खाच होती. बाजूची पट्टी बसायची ती. वरच्या तुकड्याला अशी खाच नसते, हे ज्यानं ती पाडली त्याला कुणी सांगायला नको होतं.

बोट खाचेत तसंच राहिलं. सुतारीण पेजेचा वाडगा धरून उभी होती. मग त्याचा अंगठा कापलेल्या कडेवरून गेला, एकदा, दोनदा.

"सरळ... कापलंस," तो म्हणाला, आणि तोंड उघडलं.

तिनं पेज भरवली. वाडगा रिकामा झाल्यावर ती खुर्चीत बसली ती उठलीच नाही. भंगारवाला आला तेव्हा सुनेनं दार उघडलं. सुतारीण झोपली होती, आणि तिच्या काखेतून खांबाचा वरचा तुकडा अजून सुटला नव्हता.