सोंड नसलेलं बाळ

डॉक्टर निशिगंधाबाईंना त्यांच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात एका बाईचा पुतळा हवा होता. अट एकच, हात रिकामे पाहिजेत. काम स्वप्नालीकडं आलं. कुंभार गल्लीतली सून, त्यात मूर्तिकला शिकलेली. घेतलं की तिनं! समोर आरसा लावला आणि स्वतःचंच पोट शाडूत उतरवलं, मूल व्हावं म्हणून घेतलेल्या दोन खेपांच्या इंजेक्शनांनी सुजलेलं, सुयांच्या खुणांसकट. तिसऱ्या खेपेला सोमवारी जायचं होतं. तिला जायचं नव्हतं. नवरा म्हणाला, "तुझी मर्जी, पण आईला तू सांग." वा रे शूर!

आई म्हणजे चिमणाबाई. अख्ख्या गल्लीला दरडावणारी, गणपती करण्यात हयात गेलेली.

"चाळीस वर्सं गौरी केल्या, एकीला असलं प्वाट न्हवतं," ती पुतळ्याभोवती फिरत म्हणाली. "आन हात रिकामं? दवाखान्यात काय भीक मागाय हुबी हाय व्हय?"

स्वप्नाली मातीचे हात धुऊन जेवायला निघून गेली.

परत येऊन बघते तर पुतळ्याच्या हातात बाळ! सुपाएवढे कान, सुटलेलं पोट, एक पाय दुमडलेला, वर मुठीत मोदक. सोंड तेवढी नव्हती. चिमणाबाई कौतुकानं बघत उभी. "कसं ग्वाड झालंय, न्हाय?"

स्वप्नाली हसत सुटली. खाली बसून हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाच कळलं नाही. "आत्ती, मला सोमवारी जायचं न्हाय. मला नगंच आता ते."

चिमणाबाई पुतळ्याजवळ गेली. तिनं पुतळ्याच्या पोटावरनं अंगठा फिरवला. "हितं बारीक बारीक भोकं हायती. मला वाटलं खडं निघालं. बुजवणार हुते मी."

"सुयांच्या खुणा हायत, आत्ती."

"तुज्या?"

"व्हय."

"एवढ्या?" म्हातारीचा अंगठा तिथंच थांबला.

मग तिनं बाळ काढून घेतलं, पाटावर बसवलं, मातीचा गोळा वळला आणि त्याला झक्कास सोंड लावली. "ह्येचं भागलं. आन सोमवारचं बी भागलं, जायाचं न्हाय." पदरानं डोळं पुसून ती ओरडली, "बघत काय बसलीस? तिचं हात कमरंवर ठिव. रिकाम्या हाताची बाई कशी हुबी ऱ्हात्या, दिसू दे की समद्यास्नी!"