बाबांच्या ड्राइव्हमधल्या रिकाम्या खोल्या

"ताई, ही ड्राइव्ह जुनी आहे, हिच्या आत चकती फिरते. नुसत्या टॅबच्या जोरावर कधी चालेल, कधी नाही. आतून टकटक ऐकू आली की लगेच काढायची. वाट बघत बसायचं नाही," दुकानदार म्हणाला होता. कपाळावर भिंग चढवलेला आणि बोलताना समोरच्याकडे न बघणारा माणूस. त्याने एक हबसुद्धा काउंटरवर ठेवला, स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला, म्हणजे ड्राइव्हला वीज भिंतीतून मिळते. मी तो हाताने परत सरकवला. कडेवरची लेक त्याच्या केबलींच्या गुंत्यात पाय अडकवत होती आणि मला घाई होती. शिवाय मला हसूच आलं.

"आवाजाचं आमच्या बाबांना नका सांगू," मी म्हणाले. "चौतीस वर्षं रेडिओत ध्वनिमुद्रण केलंय त्यांनी. मुंगी शिंकली तर ती कुठल्या कोपऱ्यात शिंकली ते सांगतील."

"मग प्रश्नच नाही," तो म्हणाला. मी टॅबला ड्राइव्ह जोडायची छोटी केबल तेवढी घेतली आणि निघाले.

बाबांचा जुना कॉम्प्युटर कायमचा बसला होता. व्हिडिओ कॉलसाठी मी दिलेला टॅब त्यांच्याकडे होताच, तेव्हा ड्राइव्ह त्यालाच जोडावी असं ठरलं. त्या काळ्या डबीत काय आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझा जीव एवढा का टांगणीला लागला ते कळणार नाही.

बाबा कुणाचीही मुलाखत घ्यायला गेले की आधी सगळ्यांना गप्प बसवायचे आणि तीस सेकंद नुसती खोली मुद्रित करायचे. ते त्याला 'खोली घेणं' म्हणायचे. मुलाखत कापून जोडताना मधल्या फटी बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही. त्यांच्या मते प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, माणसाच्या घामाच्या वासासारखी. कामाची ही सवय घरीही आली. आईच्या बदल्यांमुळे आम्ही सात घरं बदलली. प्रत्येक घरात गेल्यावर पहिल्या आठवड्यात आणि सोडण्याआधीच्या आठवड्यात बाबा एकेक करून सगळ्या खोल्या घ्यायचे. "कुणी हलायचं नाही," असं सांगून ते बोट वर धरायचे. मला हमखास हसू फुटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

आईने मात्र आपला आवाज कधी घेऊ दिला नाही. ती शिक्षिका. "दिवसभर वर्गात घसा फोडते तेवढं पुरे आहे. घरी तरी माझ्या तोंडासमोर तो दांडा धरू नका," म्हणायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिचं बोलणं कुठेही नाही. ती आहे ती फक्त त्या तीस-तीस सेकंदांत, न बोलता बसलेली. आणि त्या सगळ्याची एकच प्रत, ह्या एका ड्राइव्हमध्ये.

केबल देऊन आल्यावर दीड महिन्याने बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या ड्राइव्हमधलं सगळं गेलं बहुतेक. चार-पाच फाइली लावून बघितल्या. काही नाही. तू आलीस की पुसून दे, आमच्या भोंग्याची कार्टून भरू त्यात."

भोंगा म्हणजे माझी अडीच वर्षांची लेक. हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

"सगळं गेलं म्हणजे? खोल्यासुद्धा?" मी विचारलं.

"हो हो, बरं आहे सगळं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी गेले. तीन वेळा घंटा दाबली. मग ते खिडकीत दिसले, हात हलवला आणि दार उघडलं. टेबलावर टॅब, केबल, ड्राइव्ह असं सगळं जोडूनच मांडलेलं. पडद्यावर सूचना होती की ड्राइव्ह वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का. खाली दोन बटणं. लेक धावत जाऊन त्यांच्या मांडीवर चढली.

"दाब," बाबा म्हणाले. "मी दाबणारच होतो, पण म्हटलं काहीतरी भलतंच व्हायचं."

मी बोट पुढे केलं. तेवढ्यात ऐकू आलं. टक. टक. टक. मग आत काहीतरी घरघरलं, थांबलं, आणि पुन्हा टक.

"बाबा, ही कधीपासून अशी वाजतेय?"

ते लेकीच्या बुटाची नाडी सोडवत होते. ड्राइव्ह त्यांच्या कोपरापासून वीतभर लांब होती.

"बाबा."

नाडी सुटली. त्यांनी वर बघितलं. "दाब ना, विचार कसला करतेस?"

मी केबल ओढून काढली. टकटक थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही.

"किती दिवस लावून ठेवली होतीत?" आता मी त्यांच्यासमोर बसून विचारलं.

"सोमवारपासून. म्हटलं, काही येतंय का बघावं."

मी चहा करते म्हणून आत गेले. ओट्याशी उभी राहून नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, साखर किती?" उत्तर नाही. थोडं मोठ्याने विचारलं. उत्तर नाही. मग लेक किंचाळली, "आबा, घोडा," आणि लगेच त्यांचं हसणं आलं.

पातेल्यातलं पाणी उकळून अर्धं झालं तरी मी तशीच उभी होते. मी कशी आहे ते माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लेक रात्रीत किती वेळा खोकली ते मी सांगू शकते. तिचा कुठला दात कधी आला ते कॅलेंडरवर लिहिलेलं आहे. ती झोपली की छाती वर-खाली होतेय ना ते दोनदा बघते. नवरा मला घरातला पहारेकरी म्हणतो. आणि ह्या माणसाकडे मी काय बघितलं? फोनवर हल्ली तेच जास्त बोलतात, मला वाटलं एकटेपणामुळे. बातम्यांखालच्या अक्षरांवर नजर लावून बसतात, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. चार जण हसले की मागून हसतात. लेकीला नेहमी डाव्या मांडीवर घेतात, बऱ्या कानाच्या बाजूला. आणि तिचं नाव भोंगा. मला ते कौतुक वाटलं होतं. घरात त्यांना नीट ऐकू येणारं तेवढं एकच माणूस होतं.

चहा नेऊन ठेवला. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

त्यांनी आधी कप उचलला, दोन घोट घेतले. मग म्हणाले, "वरचं जात चाललंय. आधी चिमण्या गेल्या. मग दाराची घंटा. आता बायकांचे आवाज. तुझा थोडा आहे अजून."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"सांगितलं का नाहीत?"

"सुताराने आपले हात थरथरतात म्हणून सांगत फिरायचं का? आणि तुला सांगितलं असतं तर आठवड्यातून चारदा डॉक्टरकडे नेलं असतंस."

"न्यायलाच हवं होतं."

"तेच म्हणतोय मी."

मला भांडायचं होतं, पण नजर पुन्हा ड्राइव्हकडे गेली. "त्या फाइली लावल्यात तेव्हा नावं दिसत होती?"

"एकदा दिसली. आवाज पार वर नेला, कान टॅबला लावला. काही नाही. नंतर नावंही गेली." त्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं ड्राइव्ह मेली. माझे कान एवढे गेले असतील असं नाही वाटलं."

लेकीला त्यांच्याजवळ ठेवून मी दुकान गाठलं. दुकानदाराने ड्राइव्ह हातात घेऊन कानाशी हलकेच हलवली.

"टकटक?"

"हो."

"काढली नाहीत मग?"

"ऐकू आली नाही," मी म्हणाले. "पाच दिवस."

त्याने कपाळावरचं भिंग काढून ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.  आतून हब घेऊन आला, सोबत एक पेनड्राइव्ह. "आधी ह्या हबला भिंतीतून वीज द्या, मग टॅबला जोडा. आणि उघडून ऐकत बसू नका. आधी सगळं ह्या दुसऱ्यावर उतरवून घ्या. पाच दिवस उपाशीपोटी धावायला लावलंत तिला. आज चालली तर उद्याचं सांगता येत नाही."

घरी येऊन त्याने सांगितलं तसंच केलं. हबचा दिवा लागला. ड्राइव्ह जोडली. टक झालं नाही. खालून एकसारखा बारीक गुंजारव सुरू झाला. बाबांनी तळहात तिच्यावर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटले.

"फिरतेय," म्हणाले.

नावं आली. दुसरं घर, मागची खोली. चौथं घर, पडवी, दार उघडं. पाचवं घर, स्वयंपाकघर, निघताना. एकाखाली एक, त्यांच्या वहीतल्या अक्षरांसारखी नेटकी. सगळ्या निवडून मी पेनड्राइव्हवर उतरवायला लावल्या आणि पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली.

दोन तास लागले. लेक आत झोपली होती. बाबांनी टेबलावर कोपर टेकवू दिलं नाही, पंखा बंद करायला लावला, खुर्चीही ओढू दिली नाही. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. मध्येच रेघ अडली. 'पहिलं घर, जिना' ही फाइल वाचता येत नव्हती. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडली.

"सोड ती," बाबा म्हणाले. "तिच्या नादाला लागून बाकीच्या जातील."

"पण पहिलं घर—"

"त्या जिन्यात तू दोन वेळा पडली होतीस. जाऊ दे तो जिना."

बाकी सगळं उतरलं. टॅबवरून ड्राइव्ह रीतसर सोडवली, मगच हात लावला. मग पेनड्राइव्ह जोडून हेडफोन बाबांना दिले. त्यांनी ते कानांवर नीट बसवले, जन्मभर बसवले तसे, एका बोटाने पट्टी सरकवत. मी 'पाचवं घर, स्वयंपाकघर' लावली. ते तीस सेकंद स्थिर बसले. मग हेडफोन काढून माझ्यापुढे धरले.

"तू ऐक. आणि सांग."

मी लावले. "नळ गळतोय."

"गळणारच. घरमालकाने शेवटपर्यंत वायसर बदलला नाही. पुढे?"

"खाली कुणीतरी सायकल लावली. घड्याळ. खुर्ची करकरली." मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले. "कागद. पान उलटलं. पेन चालतंय."

ते पुढे झुकले. "वह्या तपासतेय."

"तुम्ही कुणालाच हलू द्यायचा नाहीत."

"तिला कोण थांबवणार? म्हणायची, तुमची शांतता तुम्ही भरा, माझ्या चाळीस वह्या उरल्यात." मग अगदी कामातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "बरोबर की चूक?"

"काय?"

"पेनाचा आवाज ऐक. बरोबरची खूण म्हणजे आधी तोकडी रेघ, मग लांब. चुकीची फुली, दोन्ही सारख्या. मी पलीकडच्या खोलीतून सांगायचो तिला, हे पोरगं नापास होणार म्हणून. चिडायची."

मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा कुठे हातातला फरक कळला.

"बरोबर," मी म्हणाले. "हेही बरोबर. हे चूक. आता थांबलीय. आता काहीतरी लिहितेय, बराच वेळ."

"शेरा. मग तो हुशार मुलगा असणार," बाबा म्हणाले. "मठ्ठांना ती नुसतं 'प्रयत्न कर' लिहून सोडायची."

त्या संध्याकाळी आम्ही अकरा खोल्या ऐकल्या. म्हणजे मी ऐकल्या आणि त्यांनी मला काय ऐकायचं ते सांगितलं. एकदा त्यांनी चूक काढली की मी घड्याळाआधीचा आईचा उसासा गाळला. तो तिथे आहे हे त्यांना पाठ होतं. मंगळवारी डॉक्टरकडे यायला ते कबूल झाले, फक्त रिक्षात उपदेश करायचा नाही ह्या अटीवर. डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राने बायकांचे आवाज बऱ्यापैकी परत येतील. पेनाच्या रेघेचं सांगता येत नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्याही घरात असं कुणी असेल, आई, सासरे, काका, ज्यांचं सगळं ठीक चाललंय असं तुम्ही फोनवरच्या "हो हो, बरं आहे" वरून धरून चालला आहात. ह्या रविवारी त्यांच्याकडे जा. ते पाठमोरे असताना, आवाज न चढवता, काहीतरी साधंसं विचारा, आणि उत्तर येतंय का ते बघा.